तुम्ही कंप्रेसर बंद केलात

मिस्त्री मामा,

सप्रेम नमस्कार.

पत्राला बारा दिवस उशीर झाला. रोज रात्री वही घेऊन बसायचे आणि दोन ओळी झाल्या की डोळे भरून यायचे. आज ह्यांना जेवू घालून, भांडी आवरून बसले आहे. पत्र उघडंच लिहिते, म्हणजे चार जण वाचतील आणि त्यातला कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवील. तुमचं नाव घालत नाही. निघताना विचारलं तर तुम्हीच म्हणालात, "नाव घेऊन काय करताव माय, गाडी सुखरूप न्या."

आमची गाडी 2004 ची, सहा चाकी. ह्यांनी जुनीच घेतली होती. 2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, हिच्यावर टाक्या बांधून ह्यांनी वस्त्यावस्त्यांवर पाणी पोचवलं. तीन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. तेव्हापासून पुतण्या गाडी चालवतो आणि भाडं, डिझेल, पासिंग, हप्ते सगळं मी बघते. सोयाबीन, तूर, हरभरा, जे मिळेल ते लातूरच्या आडत बाजाराला न्यायचं.

आणि दीड वर्ष झालं, ही सकाळी सुरूच होईना. पुतण्या सेल्फ मारायचा, थांबायचा, पुन्हा मारायचा. सेल्फचा आवाज हळूहळू रडका होत जायचा. ह्यांची बाज खिडकीजवळ आहे. बोलता येत नाही, पण प्रत्येक सेल्फला डाव्या हातानं चादर घट्ट धरायचे. ते मला बघवत नव्हतं.

मी गाडी कुठं कुठं नेली नाही! एकानं सांगितलं बॅटऱ्या गेल्या. 24 व्होल्टची गाडी, दोन्ही एकदमच बदलाव्या लागतात. 22,500 रुपये. दुसऱ्यानं सेल्फ भरला, 6,500. मग शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात पंप आणि सहाही नोझल उतरवले, 38,000. मंगळसूत्र मोडलं त्यासाठी. त्यांनी दुपारी दोन वाजता गाडी चालू करून दाखवली, पहिल्या सेल्फला लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. फोन केला तर म्हणाले, "वहिनी, ड्रायव्हरकडं द्या फोन." एकानं तर एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरला. इंजिनात घण मारल्यासारखा आवाज झाला आणि पोराच्या भुवया होरपळल्या. एक जण म्हणाला थंडीनं होतंय. अहो, मे महिन्यात पण तसंच होत होतं! ते सांगायला तोंड उघडलं तर तो पुतण्याकडं बघून हसला.

मामा, पैशाचं दुःख आहेच. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की दीड वर्षात मला एकानंही विचारलं नाही. गाडी माझ्या दारात उभी असते. मी रोज पहाटे अंगणात सडा टाकताना तिला ऐकते. माझ्याकडं वही होती. कुठल्या तारखेला किती वेळा सेल्फ मारला, गाडी कुठं लावली होती, टाकीत डिझेल किती होतं, सगळं लिहिलेलं. ती वही मी पिशवीत घेऊन हिंडले आणि तशीच परत आणली.

त्या दिवशी पुतण्या नव्वद क्विंटल सोयाबीन घेऊन रेणापूर फाट्याजवळ रात्री थांबला होता. सकाळी गाडी लागेना, बॅटऱ्या उतरत आल्या. मी अंबाजोगाईहून एसटीनं आले तेव्हा दुपार झाली होती. तुमच्याकडं पंक्चरचं काम चाललेलं, कंप्रेसर धडधडत होता, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. मी सवयीनं मागं उभी राहिले. पुतण्या ओरडून तुम्हाला काहीतरी सांगत होता. तुम्ही माझ्या हातातली वही बघितलीत. विचारलंत, "ह्या कोण?" तो म्हणाला, "चुलती. गाडी त्यांचीच हाय."

आणि तुम्ही जाऊन कंप्रेसर बंद केलात.

मामा, तुम्हाला ते आठवतही नसेल. पण एकदम सगळीकडं शांत झालं. पंक्चरवाला गिऱ्हाईक कुरकुरला, त्याला तुम्ही हातानंच थांब म्हणालात. कापडाला हात पुसले, ऑइलचा डबा उपडा करून त्यावर बसलात, मला खुर्ची दिलीत आणि म्हणालात, "बोला माय. पहिल्यापासून सांगा." मला काही क्षण बोलताच आलं नाही. ह्यांच्या आजारपणापासून माझं बोलणं ऐकायला कुणी काही बंद केलं नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं. रात्रभर उभी राहिली तरच त्रास देते, अर्ध्या तासाचा थांबा असला तर लगेच लागते. टाकी भरलेली असली की सकाळी लवकर लागते. उताराकडं तोंड करून लावली तर ढकलायच्याही आधी, जागेवरच लागते. हे ऐकून तुम्ही पुढं सरकलात. "ढकलायच्या आधी?" असं दोनदा विचारलंत. मग धुराचं विचारलंत. मी म्हटलं, पहिले कितीतरी सेल्फ सायलेन्सरमधून काहीच येत नाही, मग पांढरा धूर येतो आणि मग लागते.

तुम्ही वहीची पानं उलटलीत, बोटानं ओळ धरून. आणि जे बोललात ते मी शब्दाला शब्द लिहून ठेवलंय. "माय, पहिल्यापासून पांढरा धूर आला असता तर डिझेल पोचतंय पण जळत नाही म्हणालो असतो. इथं धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. रात्रीतून लाइन रिकामी होऊन डिझेल टाकीत परत जातंय. टाकी भरलेली असली, नाहीतर गाडीचं तोंड खाली असलं, की ते मागं जात नाही. गाडी कुठंतरी एअर घेतेय. हे तुम्हीच शोधलंय, मी फक्त जागा शोधायची." पुतण्यासमोर म्हणालात हे. त्या पंक्चरवाल्या गिऱ्हाइकासमोर.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून थोडक्यात लिहिते. तुम्ही तेव्हा गाडीला हात लावला नाहीत. गाडी सपाट जागेवर लावून म्हणालात, सकाळी थंड असताना बघू, तोवर कुणी सेल्फ मारायचा नाही. बाकीच्यांनी दुपारी बघितली होती ना, आजार पहाटेचा होता! पहाटे साडेपाचला कानाला मफलर बांधून तुम्ही हजर. प्रायमर, म्हणजे डिझेल वर चढवायचा हातपंप, मारायला लागलात, माझाही हात त्यावर ठेवलात. पोकळ लागत होता. तीसेक दाब झाल्यावर हाताला घट्ट लागला, तेव्हा पुतण्याला सेल्फ मारायला सांगितलंत आणि गाडी तिथल्या तिथं लागली. मग टाकीकडून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला येणारी रबरी नळी सोडवून क्लॅम्पखालची चीर दाखवलीत. केसाएवढी. "बाहेर थेंब गळत नाही म्हणून कुणाला दिसली नाही, ही बाजू ओढणारी आहे, ती हवा आत ओढते." बॅटऱ्या आणि सेल्फ ह्याच चिरेपायी दमले होते. नवी नळी, क्लॅम्प, तांब्याचे वायसर, 460 रुपयांचं सामान. मजुरी तीनशे. मी पाचशेची नोट पुढं केली तर दोनशे परत माझ्या हातावर ठेवलेत.

त्या रात्री मामींनी मला घरी झोपायला नेलं. ज्वारीची गरम भाकरी, वांग्याचं भरीत, आणि "जेवलाव का पोटभर?" असं तीनदा. तुमचा हाताखालचा पोरगा न सांगता ताडपत्रीवर, सोयाबीनच्या राखणीला जाऊन झोपला. डिसेंबरची थंडी, अंगावर एक घोंगडी. सकाळी त्याला पैसे देऊ लागले तर लाजून पळाला. परतीच्या वाटेवर मी हाच विचार करत होते. आपल्या मराठवाड्यात पाणी कमी पडतं, पाऊस फसवतो, पण रस्त्यात अडलेल्या माणसाला भाकरी आणि अंथरूण मिळतं. माझी आई भूकंपाच्या सालचं, 1993 चं सांगायची, कोण कुठली माणसं भाकरीची गाठोडी घेऊन किल्लारीकडं निघाली होती. ती माणसं कुठं गेलीत असं मी दीड वर्ष म्हणत होते. ती फाट्यावर बाभळीखाली गॅरेज टाकून बसलीत.

ज्यांनी माझे 67,000 रुपये घेतले त्यांच्याशी मला भांडायचं नाही. पण त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एवढंच सांगते: मी तुमच्या दारात उभी होते तेव्हा उत्तर माझ्या पिशवीत होतं.

मामा, घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मी सडा टाकायचा सोडून ह्यांच्या बाजेपाशी बसले. पुतण्यानं चावी फिरवली. एकच सेल्फ. ह्यांचा हात चादरीकडं गेला होता, तो तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कितीतरी दिवसांनी एक शब्द स्पष्ट बोलले, "लागली." वहीत त्या दिवसापासून रोज एकच आकडा आहे, 1.

आता येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, जवळ आलीय. मामींना आणि त्या पोराला घेऊन आमच्या शेतात यायचं. भज्जी, उंडे, आंबील, सगळं मी करणार आहे, आणि ह्यांना पण बैलगाडीतून शेतातल्या कडब्याच्या कोपीपाशी आणणार आहोत. त्यांना तुम्हाला बघायचंय. एसटीची वाट बघू नका. पुतण्या सकाळी सातला गाडी घेऊन फाट्यावर येईल.

तुमची,
वहीवाली माय