ऑटोकट झाल्यावर पाईप काढा की ओ!

मा. संपादक साहेब, स. न. वि. वि.

तुमच्या या सदरात अधूनमधून एक तक्रार वाचायला मिळते, कंपनी म्हणते गाडीची टाकी 43 लिटरची आणि पंपावर बिल झालं 46 लिटरचं, म्हणजे पंपवाला चोर. मला कुणा पंपवाल्याची वकिली करायची नाही, माप मारत असेल तर धराच त्याला, खरं या तक्रारीत दुसरीच एक गोष्ट दडलीय आणि ती मला खिशातले चार हजार घालवून कळली म्हणून लिहितोय.

टाकीत वरच्या बाजूला कंपनीनं मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते. पेट्रोलची वाफ होते, एप्रिल-मेच्या उन्हात गाडी उभी राहिली की जास्तच होते, तिला फुगायला जागा लागते. 43 लिटर हे त्या जागेच्या खालपर्यंतचं माप, गळ्यापर्यंतचं नव्हे. त्यामुळे 46 बसलं म्हणजे मीटरच खोटा असं होत नाही, वाफेची जागा पण आपण पेट्रोलनं भरली असंही असू शकतंय.

माझं काय झालं सांगतो. मार्चमध्ये लेकीकडे कोल्हापूरला गेलो होतो, येताना कर्नाटकात शिरल्यावर पेट्रोल भरायचं हे आपल्या सगळ्यांचं ठरलेलंच, इकडे रेट कमी असला की एमएच 09 वाल्यांची पण हीच लाईन. टाकी फुल्ल करायला सांगितली, ऑटोकट झाला म्हणजे टाकी भरल्यावर नोझल आपोआप बंद पडलं, पोरगं म्हणालं काका राउंड फिगर करू काय, मी म्हटलं कर. त्यानं नोझल थोडं वर उचलून टक टक करत अजून दोन-अडीच लिटर घातलं. पैसे दिले, चावी फिरवली, गाडी चालू होईना. स्टार्टर फिरतोय, इंजिन धरत नाही, मागनं सगळे हॉर्न मारालेत आणि आमची मंडळी म्हणतात तुम्हाला किती वेळा सांगितलं नवी गाडी घ्या. शेवटी ॲक्सिलरेटर दाबून धरला तर खोकत खोकत चालू झाली. पाच मिनिटांनी एकदम छान. पुढं दोन वेळा पेट्रोल भरल्यावर हेच. एरवी काहीच नाही, फक्त दुसऱ्या रेल्वे गेटला थांबलो की आयडलला थोडी थरथर.

पहिल्या गॅरेजला गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही, इंजिनचा दिवा नाही, मग प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, चार हजार गेले आणि पुढच्या फुल्ल टाकीला गाडी परत तशीच. मग निदान आलं फ्युएल पंप गेलाय, बारा हजार. शेजारचे म्हणाले 20 टक्के इथेनॉलमुळे झालंय, आता काहीही बिघडलं की इथेनॉल, उसाच्या जिल्ह्यात राहून आपण हेच बोलतो. खरं मी तीस वर्षं उद्यमबागला फौंड्रीत मेंटेनन्सला होतो, मला ते पटेना. पंप गेलाय तर गाडी घाट चढताना मार खाईल, पेट्रोल भरल्यावरच का अडेल?

शेवटी आमच्या जुन्या ओळखीच्या एका मिस्त्रीकडं गेलो. त्यानं स्कॅनरला हातच लावला नाही. गार इंजिन चालू केलं, बॉनेटखाली अंगठ्याएवढा एक सोलेनॉइड असतो, करंटवर उघडझाप करणारा पर्ज व्हॉल्व, त्याला कॅनिस्टरकडनं, म्हणजे वाफ धरायच्या डब्याकडनं, येणारी नळी काढली आणि मला म्हणाला व्हॉल्वच्या मोकळ्या तोंडाला बोट लावा. बोट ओढलं जायलंय की! गार इंजिनला तिथं ओढ असताच कामा नये. मग व्हॉल्व काढून हातात दिला, म्हणाला फुंका. करंट नसताना तो बंद पाहिजे, हवा आरपार गेली. तळहातावर आपटला तर काळे बारीक दाणे पडले, दळलेल्या मिऱ्यासारखे.

ते दाणे कोळशाचे. टाकीतली वाफ बाहेर हवेत जाऊ नये म्हणून ती एका काळ्या डब्यात नेतात, त्यात कोळसा असतो, तो वाफ धरून ठेवतो, आणि इंजिन गरम होऊन गाडी चालायला लागली की पर्ज व्हॉल्व उघडतो, इंजिन ती वाफ ओढून जाळतं. वाया काही नाही. आता ऑटोकटनंतर कोंबलेलं पेट्रोल वाफेच्या पाईपातनं पातळच्या पातळ त्या डब्यात जातं, कोळसा भिजतो, फुटतो, दाणे व्हॉल्वमध्ये अडकतात आणि व्हॉल्व उघडाच राहतो. मग टाकी भरताना दाबलेली सगळी वाफ थेट इंजिनात, पेट्रोल जास्त हवा कमी, गाडी चालू कशी होणार. ॲक्सिलरेटर दाबला की हवा वाढते म्हणून धरते. हे मी फौंड्रीत पन्नास सोलेनॉइड उघडलेला माणूस, मला सुद्धा सुचलं नव्हतं हो.

आणि स्कॅनरला का दिसलं नाही? कॉम्प्युटर बघतो व्हॉल्वची वायर जोडलीय का, कॉइल जळलीय का. वायर तुटली असती तर पी 0443 सारखा कोड आला असता. वायर ठीक, कॉइल ठीक, फक्त तोंड मिटत नाही, हे बऱ्याच गाड्यांत त्याला कळतच नाही. नेटवरचे अमेरिकेचे व्हिडिओ बघून लोक टाकीचं झाकण बदलत बसतात, तिकडच्या गाड्या अर्ध्या मिलिमीटरचं भोक सुद्धा शोधतात आणि दिवा लावतात, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या गळतीची ती टेस्टच करत नाहीत. म्हणून दिवा नाही म्हणजे बिघाड नाही असं समजू नका. पीयूसीचं पण तसंच, नळी सायलेन्सरला लावतात, टाकीकडनं वाफ गळत असली तरी सर्टिफिकेट मिळतंय.

सकाळी गाडीच्या मागच्या बाजूला पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र झाकणाचं रबर बघा, नळ्या बघा, पावसाळ्यात उंदीर कुरतडतात. ज्यांच्याकडं गळती शोधायचं स्मोक मशीन आहे त्यांनी धूर सोडून बघावं, अगदी कमी प्रेशरला. कंप्रेसरची हवा टाकीत सोडू नका, एका ठिकाणी पोरं ते पण कराल्यात, बघून अंगावर काटा आला.

नवा व्हॉल्व बसवला, प्लगच्या निम्म्यात काम झालं. कॅनिस्टर पुढं-मागं बदलावाच लागणार, तो महाग आहे, सध्या नळ्या साफ करून चालवतोय.

गॅरेजवाल्यांना एवढंच सांगणं आहे की पेट्रोल भरल्यावरच गाडी चालू व्हायला त्रास देते असं गिऱ्हाईक म्हणालं तर फ्युएल पंप उतरवायच्या आधी दहा मिनिटं त्या व्हॉल्वला द्या. आणि पंपवाल्यांनी पोरांना सांगावं, नोझलच्या टोकाला बारीक भोक असतंय, ते पेट्रोलात बुडलं की खटका पडतो, तो मशीनचा बिघाड नाही.

परवा खानापूर रोडला टाकी भरली, ऑटोकट 2,847 रुपयांना झाला. पोरगं म्हणालं काका 2,900 करू? मी म्हटलं राहू दे. तर म्हणतंय, काका, सुट्टे नाहीत ओ. मोबाईल काढून 2,847 पाठवले.

आपला,
एक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव