मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर एक ओळ मराठीत हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी जळगावला घरूनच मेडिकल कोडिंगचं काम करते. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे रिपोर्ट वाचायचे आणि प्रत्येक निदानाला ठरलेला कोड लावायचा. तिथला विमा त्या कोडवर चालतो. माझ्याकडे बहुतेक एक्स-रे, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफीचे (म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचे) रिपोर्ट येतात. स्तन दाट आहेत की नाहीत, ही एक ओळ परक्या देशातल्या बायकांच्या रिपोर्टमध्ये मी रोज वाचते; माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या रिपोर्टमध्ये ती नव्हती. त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

जाऊबाई चोपडा तालुक्यात राहतात, वय ४६. गेल्या वर्षी एका शिबिरात त्यांची मॅमोग्राफी झाली. रिपोर्ट दोन ओळींचा, इंग्रजीत: संशयास्पद गाठ नाही, वर्षाने पुन्हा तपासावे. 'मना रिपोर्ट चांगला शे,' असं त्यांनी फोनवर सांगितलं आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. आठ महिन्यांनी अंघोळ करताना त्यांच्या हाताला गाठ लागली. नाशिकला सोनोग्राफीत ती स्पष्ट दिसली. तिथल्या डॉक्टरांनी जुनी फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, यांचे स्तन दाट आहेत, यात लपलेलं दिसणं अवघडच होतं.

हे दाट म्हणजे काय, ते सांगते. स्तनात चरबी असते आणि दुधाच्या ग्रंथी व तंतूही असतात. मॅमोग्राफीत चरबी काळपट दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात. कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. कापसाच्या ढिगात पांढरा दोरा पडला तर तो किती जणांना सापडेल? हा दाटपणा हाताला कळत नाही, स्तनाच्या आकारावरूनही ओळखता येत नाही. तो फक्त फिल्मवर दिसतो, म्हणून तो फिल्म वाचणाऱ्यानेच लिहायला हवा. त्याच्या ए, बी, सी, डी अशा चार पायऱ्या ठरलेल्या आहेत. सी आणि डी म्हणजे दाट.

दाट असणं हा आजार नव्हे, हे भगिनींनी आधी लक्षात घ्यावं. चाळिशीपुढच्या जवळजवळ निम्म्या बायकांचे स्तन दाट असतात. मात्र त्यामुळे गाठ झाकली जाऊ शकते आणि कॅन्सरचा धोकाही काहीसा वाढतो. तरुण वयात दाटपणा सहसा जास्त असतो, आणि आपल्याकडे हा कॅन्सर पाश्चात्त्य बायकांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणून ही ओळ इथे जास्तच गरजेची आहे.

अमेरिकेतही हे आपोआप घडलं नाही. कनेक्टिकटच्या नॅन्सी कॅपेलो यांना २००४ मध्ये पुढच्या टप्प्याचा कॅन्सर निघाला. काही आठवड्यांपूर्वीच त्यांची मॅमोग्राफी नॉर्मल आली होती. आपले स्तन दाट आहेत हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या लढल्या आणि २००९ मध्ये त्यांच्या राज्याने बाईला हे कळवण्याचा कायदा केला. १० सप्टेंबर २०२४ पासून तो नियम सगळ्या देशाला लागू झाला. डॉक्टरच्या रिपोर्टमध्ये पायरी लिहायची आणि बाईला साध्या भाषेत कळवायचं, दाट की दाट नाही.

आमच्या कामातही याचा परिणाम दिसला. पूर्वी दाट स्तनाला स्वतःचा कोडच नव्हता. 'मॅमोग्राम अनिर्णित' या आर ९२.२ मध्ये तो ढकलला जायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून आर ९२.३ खाली प्रत्येक पायरीला वेगळा कोड आला. शेवटचा आकडा बाजू सांगतो: १ उजवी, २ डावी, ३ दोन्ही. दोन्ही बाजू सी पायरीच्या असतील तर आर ९२.३३३. पण डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर तो कोड मला लावता येत नाही. फिल्म पाहून मी काही ठरवू शकत नाही, डॉक्टरांना विचारणा पाठवावी लागते. जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, असंच आमच्या कामात धरतात. आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटनेची कोडयादी चालते. त्यात स्तनाच्या सगळ्या वेगळ्या दिसण्याला मिळून आर ९२ हा एकच कोड आहे. म्हणजे इथे कोडकडून आठवण होणार नाही. रिपोर्टच्या शब्दांवरच सगळी मदार.

आपल्याकडचे काही डॉक्टर पायरी न चुकता लिहितात, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण ती इंग्रजी रिपोर्टच्या मधल्या ओळीत असते, आणि बाई घरी नेते तो फक्त 'नॉर्मल' हा शब्द. लिहिण्याची शिस्त आपल्याला जमत नाही असं मी मानणार नाही. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली गरोदर बाईच्या सोनोग्राफीला फॉर्म एफ भरावाच लागतो. त्यात त्रुटी राहिली तर तो गुन्हा ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये उचलून धरलं. मुली वाचाव्यात म्हणून सोनोग्राफीवाले एकेक रकाना भरतात. त्याच मुलींच्या आयांसाठी एक रकाना वाढवणं जड का जावं?

जाऊबाईंच्या पहिल्या रिपोर्टमध्ये चूक होती, असं मी म्हणत नाही. त्या वेळी गाठ नसेलही. पण ती ओळ असती तर मी त्याच आठवड्यात त्यांना सोनोग्राफीला नेलं असतं. ओळीचा अर्थ मला कळतो, तेच माझं काम आहे. सध्या त्यांचे केमोचे फेरे चालू आहेत. आम्ही आळीपाळीने सोबत जातो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा शल्यचिकित्सकांना, तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना आणि शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. रिपोर्टच्या खाली मराठीत शिक्का मारा: 'आपले स्तन दाट आहेत / नाहीत. दाट असल्यास सोनोग्राफीबाबत डॉक्टरांना विचारा.' एकावर खूण करायची, इतकंच. गावात रिपोर्ट वाचून दाखवायला आशाताई असतातच, त्यांनाही या ओळीचा अर्थ समजावून द्या. आणि ज्या भगिनींकडे जुना रिपोर्ट आहे त्यांनी तो घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि माझी पायरी कोणती, एवढं विचारावं.

आपली विश्वासू,
एक मेडिकल कोडर, जळगाव
(नाव छापू नये, ही विनंती.)