उपचार संपल्यानंतरची श्रद्धा

महोदय,

कर्करोगावरचे लेखन बहुधा निदान, उपचार आणि खर्च यांभोवती फिरते; उपचार संपल्यानंतरच्या वर्षांबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. शेवटची केमो झाली की सगळे ‘सुटलात एकदाच्या’ म्हणत आपापल्या कामाला लागतात आणि आपण मात्र दर तपासणीच्या धास्तीने दिवस मोजू लागतो. स्वतः कर्करोगातून गेलेले अमेरिकी डॉक्टर फिट्झह्यू मलन यांनी १९८५ मध्ये या काळाला वेगळा टप्पा मानले आणि आजार उलटण्याची भीती हेच त्याचे मुख्य लक्षण सांगितले.

माझे हे आठवे वर्ष आहे. अजूनही रिपोर्टचे पाकीट मांडीवर घेऊन बाकावर बसले की बोटे ओली होतात, आणि माझा नंबर येईपर्यंत मी एकच प्रार्थना मनात घोळवत राहते. तिने पाकिटातला कागद बदलत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. श्वास मात्र जागेवर येतो आणि डॉक्टरांचे बोलणे नीट ऐकू येते.

परंतु हीच श्रद्धा माणसाला पोखरूही शकते. ‘देवाचे काहीतरी करायचे राहून गेले असेल’ हे भेटायला आलेल्यांचे वाक्य त्यांच्यामागे घरात उरते, आणि रात्री जाग आली की आपण आपली पापे आठवू लागतो. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६०० वृद्ध रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला, तेव्हा देवाने आपल्याला टाकले किंवा त्याचे आपल्यावर प्रेम उरले नाही असे वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास केवळ कर्करोगाच्या रुग्णांचा नव्हता आणि त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तरी अशा रुग्णाशी कोणीतरी बोलायला हवे एवढे त्यातून नक्की कळते. दुसरे टोकही तितकेच घातक आहे: माझ्या ओळखीच्या एका बाईंनी ‘देवाने बरे केले’ म्हणून, आजार उलटू नये यासाठी दिलेल्या हार्मोन-उपचाराच्या गोळ्या मध्येच सोडल्या. त्या गोळ्या पाच, कधी दहा वर्षेही घ्याव्या लागतात, आणि नवसाने त्यांची जागा भरून निघत नाही.

डॉक्टरांनी धर्मोपदेश करावा असे माझे मुळीच म्हणणे नाही, आणि श्रद्धा नसलेल्यांवर ती लादणे तर क्रूरपणाच ठरेल. रुग्णाला कशाचा आधार वाटतो, हे फॉलोअपच्या वेळी त्यांनी एकदा विचारावे, इतकीच विनंती आहे. तिसऱ्या वर्षी माझ्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवून मला तसे विचारले, तेव्हा निदान झाल्यापासून तोवर रागाने मी देवापुढे हात जोडले नव्हते, हे मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितले.

आपली,
एक वाचक