डिस्क उसनी चालेल, की नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तेव्हापासून जुने संगणक फॉरमॅट मारून घेण्याची लगबग चालू आहे. नाशिकमध्ये महात्मा गांधी रोड असो की सिडको, पद्धत एकच: शेजाऱ्याची विंडोज टाकायची डिस्क, भाच्याच्या ऑफिसातली ‘की’ (विंडोज सक्रिय करणारा २५ अक्षरांचा परवाना क्रमांक), आणि ‘टाका लवकर’. यात डिस्क उसनी आणायला हरकत नसते. कीचे तसे नाही. शिवाय बहुतेकांना ती आणायची गरजच नसते, कारण त्यांची स्वतःची की त्यांच्याच यंत्रात पडून असते.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, विंडोजसह विकलेल्या ब्रँडेड लॅपटॉपची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. इन्स्टॉल करताना सेटअप ती आपणहून वाचतो. फॉरमॅटपूर्वी एवढे मात्र बघा: स्टार्टवर उजवी क्लिक करून ‘रन’ उघडा, इंग्रजीत एसएलएमजीआर असे टंकून एक जागा सोडा, मग स्लॅश आणि डीएलआय. छोटी खिडकी उघडते. तिच्यात आवृत्ती, परवान्याचा प्रकार आणि कीची शेवटची पाच अक्षरे दिसतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ‘ओईएम डीएम’ (ओईएम म्हणजे कंपनीने यंत्रासोबत दिलेली) दिसले तर की चिपमध्ये आहे, निर्धास्त राहा. ‘रिटेल’ दिसले तर एकतर सुटी विकत घेतलेली की आहे, नाहीतर विंडोज ७ वरून फुकट वर चढवलेल्या संगणकाचा डिजिटल परवाना. हा दुसरा परवाना त्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो. सेटअपमध्ये ‘माझ्याकडे की नाही’ निवडून तीच आवृत्ती टाकली की नेट जोडल्यावर विंडोज आपोआप सक्रिय होते.

‘तीच आवृत्ती’ हे शब्द महत्त्वाचे. आपल्याकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ असते. कोणी हौसेने ‘प्रो’ टाकून दिले तर चिपमधली की त्याला लागू पडत नाही आणि मग क्रॅकची, म्हणजे परवाना चुकवणाऱ्या सॉफ्टवेअरची, शोधाशोध सुरू होते. हक्काचा परवाना खिशात असून चोरीचा वापरण्याचा हा प्रकार दुकानांमधून सर्रास चालतो.

विंडोज ७ च्या काळातल्या यंत्रांना खाली २५ अक्षरांचा स्टिकर असे. यात एक मेख आहे. की दाखवणारी सॉफ्टवेअर अशा यंत्रावर कंपनीची सामाईक की दाखवतात. ती दुसऱ्या डिस्कने टाकलेल्या विंडोजवर चालेलच असे नाही. खरी की स्टिकरवरची. ती विंडोज ७ च्या ३२ आणि ६४ बिट दोन्ही प्रकारांना चालते. स्टिकर घासून पुसट होतो, म्हणून त्याचाही फोटो आजच काढा.

मित्राची की घातली की काय होते? त्याच्या लॅपटॉपची ओईएम की असेल तर विंडोज टाकून होते, पण सक्रिय करताना ‘सी००४सी००८’ असा क्रमांक येतो, म्हणजे या कीची मर्यादा संपली. घरच्या संगणकावर त्या छोट्या खिडकीत ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ दिसत असेल तर कोणीतरी विंडोजला फसवून सक्रिय करणारा अ‍ॅक्टिव्हेटर चालवला आहे असेच समजा. मोठ्या कचेऱ्यांच्या या परवान्याची मुदत १८० दिवसांची असते आणि ती त्यांच्या सर्व्हरवरून वाढत राहते; घरी तो सर्व्हर कुठून येणार? अ‍ॅक्टिव्हेटर ते सोंग आणतो, आणि त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. त्या वेळी अँटिव्हायरसमध्ये त्याला दिलेली सूट पुढे तशीच राहते. दुकानाच्या बँक व्यवहाराच्या संगणकावर असे काही असणे आम्हाला तरी धडकी भरवते. कायद्याचे म्हणाल तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते.

आता डिस्क. उसनी चालते, पण ‘आधीच अ‍ॅक्टिव्हेट केलेली’ म्हणून फिरणारी डीव्हीडी नको. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन, भरवशाच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल चालवून स्वतःची तयार करा. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, हे ध्यानात असू द्या.

खरे नुकसान होते ते पुढच्या पायरीवर. बूट मेन्यू, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडायची यादी, उघडला (डेल, लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९) की कित्येक यंत्रांत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ (संगणक सुरू होण्याची नवी पद्धत) लावून, एकदा त्याशिवाय. जुन्या एमबीआर पद्धतीने भाग पाडलेल्या हार्डडिस्कवर यूईएफआयवाला निवडला की ‘या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही’ असे सेटअप म्हणतो. मग कुठल्यातरी व्हिडिओत बघून ‘डिस्कपार्ट’ या डिस्कचे भाग पाडणाऱ्या साधनात ‘क्लीन’ ही आज्ञा दिली जाते. क्लीन फक्त सी ड्राइव्ह पुसत नाही, अख्ख्या डिस्कची पार्टिशनची (भागांची) नोंद उडवते. डी ड्राइव्हवरचे लग्नाचे फोटो त्याबरोबर जातात. विंडोज १० टाकायचे असेल तर मागे फिरून दुसरी नोंद निवडा, काम होते. विंडोज ११ ला यूईएफआयच लागते, तेव्हा आधी बॅकअप, मग बाकीचे.

इंटेलचा अकराव्या पिढीपासूनचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर वेगळीच गंमत. सेटअपला ड्राइव्हच दिसत नाही आणि एसएसडी मेली म्हणून नवी गळ्यात मारली जाते. बहुतेकदा फक्त इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर हवा असतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून मॉडेलप्रमाणे उतरवा, झिप उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा, ‘लोड ड्रायव्हर’ दाबा. नव्या लॅपटॉपांत बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, आपोआप चालू झालेला असू शकतो. ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते फॉरमॅटआधी बघा, नाहीतर एसएसडी काढून दुसरीकडे लावली तरी त्यातले काही हाती लागत नाही.

कर सल्लागार आणि व्यापाऱ्यांसाठी: टॅलीचा परवाना आधी सरेंडर करा, म्हणजे जुन्या संगणकावरून सोडवून घ्या, डेटाचे फोल्डर बाहेर काढा, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर जवळ ठेवा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सी ड्राइव्हवरच असतात, हे शिकलेले लोकही विसरतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली पत्रे असतील तर फाँटही उतरवून घ्या; नाहीतर पत्र उघडते, पण वाचता येत नाही.

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपांत मशीनला जोडलेले जुन्या विंडोज एक्सपीचे संगणक अजून दिसतात. त्यांची डिस्क शोधत फिरण्याऐवजी, चालू आहेत तोवर क्लोनझिला या सॉफ्टवेअरने अख्ख्या हार्डडिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढून ठेवा. नव्याने टाकायची वेळ आलीच आणि ‘७बी’ या त्रुटी क्रमांकाची निळी स्क्रीन आली, तर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा, म्हणजे हार्डडिस्कच्या जोडणीची पद्धत, ‘एएचसीआय’वरून ‘आयडीई’वर न्या, एक्सपीच्या डिस्कमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर नसतो. असे संगणक नेटला जोडू नयेत.

विंडोज ११ न पेलणाऱ्या संगणकांना विंडोज १० वरच मुदतवाढीची नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, पण त्यासाठी विंडोज १० ची शेवटची, २२एच२ आवृत्ती लागते. जुन्या डिस्कमधून १० टाकले असेल तर आधी तिथवर या. केवळ ब्राउझर आणि पत्रव्यवहार असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू या मोफत प्रणाली टाका. त्यांची डिस्क खुशाल गल्लीभर वाटा, परवान्याचा प्रश्नच येत नाही. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच. टॅली मात्र त्यावर सरळ चालत नाही.

दुकानदाराकडून बिल घेताना त्यावर विंडोजची आवृत्ती आणि कीची शेवटची पाच अक्षरे लिहून मागा, आणि आधी काढलेल्या फोटोशी ताडून पाहा. नवी की विकली असेल तर तिची पावती वेगळी घ्या.

आपले,
संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील काही तंत्रज्ञ,
सिडको, नाशिक