शनिवारची सहल : फुशिमी इनारी आणि नारा

सर्व सभासदांनी सकाळी ७ वाजता क्योतो स्टेशनवर नारा लाइनच्या फलाटावर जमावे. इनारीला फक्त लोकल थांबते. समोर रॅपिड उभी दिसली म्हणून चढू नका, ती इनारीला न थांबता पुढे जाते. स्टेशनबाहेर पडलं की समोरच देवस्थान. ते दिवसरात्र उघडं असतं आणि तिकीट नाही, पण उशीर झाला की शेंदरी कमानींखाली पाय ठेवायला जागा मिळत नाही. म्हणून ही घाई. माथ्यापर्यंत चढायचा हट्ट नको, अर्ध्यावरून परतू.

पुढे त्याच लाइनने नारा. तिथल्या तोदाइजी मंदिरातली बुद्धमूर्ती सुमारे १५ मीटर उंच, तिचा नेत्रोन्मीलन सोहळा ७५२ साली झाला. आजचं लाकडी मंदिर मात्र १७०९ चं. इथे तिकीट आहे, सुटे येन जवळ असू द्या. स्टेशनपासून चालत अर्धा-पाऊण तास लागतो. ज्येष्ठांनी सरळ बस धरावी. तिथे मोकळ्या फिरणाऱ्या हरणांसमोर नकाशा उघडू नका, कागद खातात ती!

रेल्वेच्या कार्डात पैसे आदल्या दिवशीच भरा. मोठ्या बॅगा आणू नयेत. येणार नसाल तर गुरुवारपर्यंत कळवा.