दोन ट्रूपर

तीर्थरूप आजोबांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही पत्र वाचायला लाल पेन्सिल घेऊन बसता हे माहीत असूनही आज शुद्धलेखनाचीच गंमत सांगतो.

गेल्या महिन्यात आमच्या कामावरचे तिघं एकदम आजारी पडले. आठवडाभर त्यांचाही भार मी आणि एक सहकारी मिळून ओढत होतो. नंतर वरिष्ठांनी दोघांना मिळून एक कार्ड दिलं, 'तुम्ही खरे ट्रूपर आहात!' मी खूश. ती मात्र कार्ड बघून हसायला लागली. म्हणाली, 'आपल्याला घोडदळात भरती केलंय.'

इंग्रजीत ट्रूपर दोन आहेत. कानाला एकच, लिहिताना वेगळे, आपल्या 'दिन' आणि 'दीन'सारखे. एकात 'ओ' दोनदा येतो. तो शिपाई, मूळचा घोडेस्वार. (तोंडाळ माणसाला 'ट्रूपरसारखा शिव्या देतो' म्हणतात, तो हाच.) दुसऱ्यात 'ओ'पुढे 'यू' असतो, आणि तो नाटक मंडळीतला माणूस. अंगात ताप असो, समोर चारच प्रेक्षक असोत, तिसरी घंटा झाली की उभं राहायचं. त्यावरून कसल्याही अडचणीत कुरकुर न करता काम तडीस नेणाऱ्या भरवशाच्या माणसाला हा शब्द लागला. म्हणजे कौतुक मूळचं नटाचं. पण स्पेलिंग शिपायाचं लिहिणारे इतके आहेत, की तेही आता सर्रास चालतं. भांडण तरी कुणाचं? दोघं निघाले एकाच फ्रेंच शब्दातून, 'ट्रूप', म्हणजे जथा.

तुम्ही सांगायचात ती बालगंधर्वांची गोष्ट आठवली. १९११ साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी मुलगी गेलेली, आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले. आमचा एक आठवडा त्यापुढे काय! कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

पण मराठीत याला म्हणायचं काय? 'कष्टाळू' रोजचा राबणारा. कठीण वेळ आली तर तो टिकेल का, हे त्या शब्दात नाही. 'कामसू' हलका पडतो. 'चिवट' जवळ येतो, पण तो कपड्यावरच्या डागालाही लागतो. 'खंदा' मला आवडतो, पण तो बिचारा कायम 'कार्यकर्ता' नाहीतर 'समर्थक' यांच्याच पुढे उभा असतो, एकटा कधी सापडत नाही. तुम्हाला काही सुचतंय का?

आणि हो, हा शब्द काम उरकल्यावर ऐकावा. आधीच कुणी 'तू तर ट्रूपर आहेस' म्हणालं, की समजायचं, काहीतरी गळ्यात पडतंय. परवा तसंच झालं, आणि माझा शनिवार गेला.

देवनागरीत दोन्ही ट्रूपर सारखेच दिसतात, तेव्हा तिथे तरी माझी चूक सापडायची नाही. बाकी खुणा करून पत्र परत पाठवा. आजीला नमस्कार.

तुमचा नातू