नळाच्या दिवशी दचकणारा कॉम्प्युटर

सुदामा नगर, इंदूर
१४ जून

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुझा तो पेंग्विन अजून आचके देतोय का?" पेंग्विन म्हणजे माझा लिनक्सवाला कॉम्प्युटर. मी "नाही रे, सावरला" म्हणून विषय बदलला, कारण समोर आई शेंगा निवडत बसली होती. खरं श्रेय तिचं आहे हे तिच्या देखत कबूल करायची माझी तयारी नव्हती. आज ती मामाकडे गेली आहे, म्हणून निवांत लिहितो. शिवाय ईराच्या कॉम्प्युटरचं तू जे सांगितलंस ते माझ्या दुखण्यासारखं नाही असं मला वाटतं. त्याचंही लिहितो, पण आधी माझं रडगाणं ऐकून घे.

फेब्रुवारीत सुरू झालं. कधी सकाळी उठून बघावं तर स्क्रीन काळी, माउस मेलेला, पंखा मात्र गरगर फिरतोय. कधी चांगलं गाणं चालू असताना एकदम पडदा काळा आणि दोन सेकंदांनी कंपनीचा लोगो, म्हणजे गडी आपणहून रीस्टार्ट. ना वेळ ठरलेली, ना काम ठरलेलं. मी दोन्हीला मिळून "बंद पडतो" असं म्हणत होतो. मेधा म्हणायची, "विंडोजला असं होत नव्हतं." यावर माझं डोकं फिरायचं आणि मी आणखी जोमाने लिनक्समध्येच चूक शोधायचो. होळकर कॉलेजच्या लॅबमध्ये तू मला म्हणायचास ना, की ज्याच्या हातात फक्त पाना असतो त्याला प्रत्येक गोष्ट नट वाटते! तसंच झालं. मला कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि ड्रायव्हर कळतात, म्हणून मी कर्नल आणि ड्रायव्हरच बदलत बसलो.

एका रविवारी तर कहर केला. मिंट, म्हणजे माझं लिनक्स, नव्याने टाकलं, कर्नल बदललं, ग्राफिक्स कार्डाचा नूव्हो नावाचा ड्रायव्हर काढून कार्डाच्या कंपनीचा बसवला, ब्लोअरने पोटातली धूळ उडवली, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून खोडरबराने पुसून परत लावल्या. सगळं एकाच दिवशी. तीन दिवस मशीन शहाण्यासारखं वागलं आणि मी शेजाऱ्यांना पोहे खाऊ घालायच्या बेतात होतो. चौथ्या दिवशी पुन्हा काळी स्क्रीन. पाच गोष्टी एकदम केल्यामुळे कशाने काय झालं किंवा नाही झालं, काहीच सांगता येईना.

मग जरा रीतीने घेतलं. रॅम तपासणारा मेमटेस्ट पेन ड्राइव्हवर टाकून दोन रात्री चालवला, एकही लाल ओळ नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीचा जो "स्मार्ट" नावाचा अहवाल ठेवते तो पाहिला. खराब झालेले किंवा खराब होऊ घातलेले सेक्टर शून्य. तापमान बघितलं, तर एप्रिलच्या उन्हातही प्रोसेसर साठच्या वर जाईना. म्हणजे रॅम, डिस्क, उष्णता या तीन नेहमीच्या संशयितांना सोडून दिलं.

उरला लॉग, म्हणजे मशीनची रोजनिशी. जर्नलसीटीएलला "डॅश बी, उणे एक" असं सांगितलं की तो मागच्या वेळचा लॉग काढून देतो, हे तुला माहीतच आहे. व्यवस्थित बंद केलेल्या मशीनचा लॉग शेवटी आवराआवर करतो. अमुक सर्व्हिस थांबवली, तमुक डिस्क उतरवली, वगैरे. माझ्या लॉगमध्ये आवराआवर नाही आणि तक्रारही नाही. पॅनिक (कर्नल कोसळल्याची नोंद) नाही, मेमरी संपल्याची ओळ नाही. वाक्य बोलता बोलता माणूस उठून जावा तसा लॉग संपलेला. पण एक गोष्ट सापडली. मिंटमध्ये क्रॉन नावाचा वेळापत्रक सांभाळणारा प्रोग्राम दर तासाला, तास उलटून सतरा मिनिटांनी, आपली बारीकसारीक कामं करतो आणि तशी एक ओळ लिहून ठेवतो. रात्री १२:१७ ची ओळ आहे, १:१७ ची आहे, २:१७ ची आहे, ३:१७ ची नाही. म्हणजे स्वारी दोन सतरा ते तीन सतराच्या दरम्यान गेली. रात्रपाळीच्या गुरख्याची काठी वाजायची थांबल्यावर कळावं तसं. मी चार-पाच रात्रींचे लॉग असे तपासले, सगळे मृत्यू गाढ रात्री, मी झोपल्यावर. एरवी मी रात्री बॅकअप लावून झोपतो, तो बारा-साडेबाराला संपतो. म्हणजे काम संपल्यावर, रिकामं बसल्यावर हा मरत होता. काम करताना कधीच नाही!

इथे आईचा प्रवेश. तुला आमच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय आठवतं? दुधाचे खाडे, गॅसची तारीख, मोलकरणीच्या दांड्या, सगळं त्यावर. पहाटे उठून चहा टाकला की ती कॉम्प्युटरवर अभंग लावते, त्यामुळे मेलेलं मशीन सगळ्यांत आधी तिलाच सापडतं. मी तिला म्हटलं होतं, बंद पडला की तारखेवर एक फुली मार. एप्रिलअखेर पान उलटायच्या आधी मी फुल्या मोजायला गेलो तर तिथे दोन प्रकारच्या खुणा. काही तारखांवर "झो", काही तारखांवर "द". मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "कधी झोपलेला सापडतो, कधी चालता चालता दचकून उठतो. दोन्हीला एकच फुली कशी मारू?" आणि भाकरी थापता थापता पुढे म्हणाली, "दचकतो तो नळाच्या दिवशीच."

सुहास, मी तिथेच खाली बसलो. इंदूरला नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, आणि आई नळाच्या दिवशी तारखेभोवती गोल करते. प्रत्येक "द" गोलात होता. प्रत्येक. "झो" मात्र कुठेही विखुरलेले. मी तीन महिने दोन वेगळ्या रोगांना एक नाव देऊन एकच औषध शोधत होतो.

आधी "झो"चं सांगतो, कारण तो लवकर सुटला. माझा प्रोसेसर २०१७ साली आलेल्या घराण्यातला. त्या पिढीच्या काही मशीनमध्ये लिनक्सवर अशीच खोड दिसली होती. प्रोसेसरला काही काम नसलं की तो वीज वाचवायला टप्प्याटप्प्याने डुलकी घेतो, त्यातला सी-६ नावाचा टप्पा फार गाढ. त्यात तो इतका कमी करंट ओढतो की काही जुन्या एसएमपीएसना (मशीनला वीज पुरवणारा डबा) एवढ्या थोडक्या भारावर व्होल्टेज नीट सांभाळता येत नाही. मग झोपलेला उठतच नाही. मी आधी खात्री केली की हे खरंच गाढ मरण आहे. कॅप्स लॉक दाबला तर दिवा लागत नाही. मेधाच्या लॅपटॉपवरून नेटवर्कने हाक मारली, उत्तर नाही. ऑल्ट आणि सिसआरक्यू ही बटणं धरून एकेक अक्षर दाबत अडकलेलं लिनक्स नीट रीस्टार्ट करण्याची ती संजीवनी, तीही फोल. (मिंटमध्ये मुळात त्यातली एस, यू, बी एवढीच चालतात, आधीची तीन नाहीत, मी उगीच सहाही दाबत होतो.) मग बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरलो. "पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल" नावाचा पर्याय "ऑटो"वर होता, तो "टिपिकल करंट आयडल"वर केला. एवढंच केलं, दुसरं काही नाही. आणि आईला सांगितलं की आजपासून "झो" आला तर मला उठव. मेच्या पहिल्या आठवड्यापासून आजवर एकही "झो" नाही. सोयीसाठी फुकटात चार वॅट जास्त जळत असतील, जळू देत.

"द" मात्र चालूच राहिले, आणि हेच मला हवं होतं.

आता नळाचं दृश्य डोळ्यांपुढे आण. सकाळी सहाला पाणी येतं आणि गल्लीतल्या घराघरात टुल्लू पंप पाणी ओढायला घरघरू लागतात. थेट लाइनला टुल्लू लावायला मनाई आहे हे सगळ्यांना ठाऊक, लावतातही सगळे. आमचाही आहे, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मी मल्टिमीटर घेऊन कॉम्प्युटरच्या बोर्डाशी उकिडवा बसलो. एरवी २२६ व्होल्ट दाखवणारा आकडा सहाच्या ठोक्याला १९० वर आला, मग १७५, आणि आमचा टुल्लू सुरू झाला त्या क्षणी १६३. ट्यूबलाइट फडफडली, अभंग तुटला, कंपनीचा लोगो. आई दारातून म्हणाली, "बघ."

मग कॅबिनेट फिरवून मागे पाहिलं. एसएमपीएसच्या पाठीवर तो लाल सरकता खटका, ११५ आणि २३० लिहिलेला. हा एसएमपीएस मी २०११ च्या डब्यातून काढून २०१८ च्या मशीनमध्ये लावला होता, "चालतोय ना" म्हणून. या खटक्यावाल्या जुन्या जातीला २३० वर ठेवलं की साधारण १८० च्या खाली श्वास लागतो. नव्या जातीच्या एसएमपीएसना खटका नसतो, ते १०० पासून २४० पर्यंत काहीही पचवतात. टॉर्च मारून पंख्याच्या जाळीतून आत डोकावलो तर एका कपॅसिटरचं डोकं भाकरीसारखं फुगलेलं आणि कडेला तपकिरी डाग. (उघडला नाही, घाबरू नकोस. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो, हे मी विसरलेलो नाही.)

तू म्हणशील, मग इन्व्हर्टर काय करत होता? तीच तर गंमत. त्याच्या पाठीवरही एक खटका आहे, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड. बाबांच्या वेळी इलेक्ट्रिशियनने तो नॉर्मलवर ठेवला होता, कारण यूपीएसवर तो उन्हाळ्यात सारखा टक-टक करत बॅटरीवर जायचा आणि बाबांची झोपमोड व्हायची. नॉर्मल मोडमध्ये इन्व्हर्टर शंभर व्होल्टच्या आसपासपर्यंत लाइन तशीच पुढे ढकलतो. पंख्याला आणि दिव्याला चालतं, कॉम्प्युटरला नाही. यूपीएस मोडमध्ये १८० च्या खाली गेलं की तो दहाएक मिलिसेकंदांत बॅटरीवर उडी मारतो. धडधाकट एसएमपीएस वीज गेल्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद दम धरतो, म्हणजे पन्नास हर्ट्‌झच्या एका फेऱ्यापेक्षाही कमी, पण तेवढ्यात ती उडी बसते.

म्हणून आधी फक्त खटका यूपीएसवर केला. पुढच्या चार नळांपैकी तीन निर्धोक गेले, चौथ्याला दचकला. फुगक्या कपॅसिटरमध्ये दहा मिलिसेकंदांचाही दम उरला नव्हता. तेव्हा जेल रोड गाठला. दुकानदाराने जुना एसएमपीएस हातात तोलून पाहिला आणि म्हणाला, "भिया, इसको तो राजवाड़े के म्यूजियम में रखवा दो." मग मशीन कुठलं, काय, विचारलं. लिनक्स म्हटल्यावर डोळे बारीक करून, "विंडोज डलवा लो, सब सेट हो जाएगा." सव्वीसशे रुपयांत साडेचारशे वॅटचा, खटका नसलेला घेऊन आलो. आमचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे म्हणून हे जमलं. चौकोनी लहरीवाल्यांवर हे नवे एसएमपीएस कधीकधी कुरकुरतात, तू घेशील तर आधी तेवढं बघ.

मेधाने विचारलं, आता नवा एसएमपीएस आहे तर बायोसमधलं ते परत "ऑटो"वर करून का नाही बघत? शास्त्राच्या दृष्टीने तिचं म्हणणं बरोबर आहे. मी करणार नाही.

आता ईराचं. तू म्हणालास की तिचा कॉम्प्युटर वर्ग चालू असताना, ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब उघडे असताना अडकतो, माउस उड्या मारत मारत थांबतो आणि डिस्कचा दिवा सलग जळत राहतो. दिवा जळतोय ना? मग तो मेलेला नाही, गुदमरलाय. चार जीबी रॅममध्ये तेवढं मावत नाही, मग मशीन रॅममधलं सामान डिस्कवरच्या स्वॅपमध्ये टाकतं आणि परत आणतं, टाकतं आणि आणतं, याच हमालीत बुडून जातं. त्यात तिची फिरती हार्ड डिस्क, एसएसडी नव्हे. लॉगमध्ये "आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस" अशी ओळ शोध. कधीकधी तीही सापडणार नाही, कारण कर्नल कुणाचा बळी द्यायचा हे फार उशिरा ठरवतं. तोवर तू बटण दाबून मोकळा झालेला असतोस. अर्लीओओएम नावाचं छोटं पॅकेज टाक, ते वेळेत एखादा टॅब मारतं आणि बाकीचं वाचतं. झेडरॅम लाव, तो सामान डिस्कवर न टाकता रॅममध्येच दाबून बसवतो. आणि जमलं तर तिला आणखी चार जीबीची एक पट्टी घेऊन दे. नेटवर लोक स्वॅपिनेसचा, म्हणजे स्वॅपकडे किती ओढा असावा त्याचा, आकडा साठवरून दहा करायला सांगतात. कर, पण त्यावर भिस्त ठेवू नकोस. आणि कृपा करून हे सगळं एका रविवारी करू नकोस. वहिनींना भिंतीवरच्या पंचांगावर खुणा करायला सांग, त्या तुझ्यापेक्षा नीट करतील.

बाकी इथे ठीक. उकाडा अजून गेलेला नाही, काल संध्याकाळी चार थेंब पडले आणि सगळे जण लगेच छप्पन दुकानवर भुट्ट्याचा कीस खायला पळाले. जुलैत येतोयस ना? सानंद संस्थेचं नाटक असलं तर तुझी दोन तिकिटं मागून ठेवतो, पण आठ दिवस आधी नक्की कळव, मागच्या वेळेसारखं स्टेशनवरून फोन करू नकोस. काकूंना नमस्कार.

आज नळाचा दिवस होता. सहाला टुल्लू घरघरला, ट्यूब मंदावली, इन्व्हर्टर टक करून बॅटरीवर गेला. अभंग चालू होता. आईने चहाचा कप खाली ठेवला, कालनिर्णयापाशी गेली, तारखेभोवती गोल काढला, पेन क्षणभर तसंच धरून उभी राहिली आणि मग दुधाचा खाडा लिहून परत आली.

तुझा,
अविनाश